सेल्फ घेईना

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. मंगळवारी सकाळी साडेदहाला गाडी रत्नागिरीला परिवहन कार्यालयात तपासणीला न्यायची होती. चार दिवस पाऊस झोडपत होता, त्यामुळे ती जागची हलली नव्हती. म्हटलं, एकदा चालू करून बघू. खळ्यात गेलो, चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. त्यापुढे काही नाही.

दिवे झगझगीत लागत होते. हॉर्न असा वाजला की माडावरचे कावळे उडाले. फक्त सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी विजेची मोटर, घेईना. पुढचे अठरा दिवस माझे या एका 'टक्'मध्ये गेले. जुनी गाडी बाळगणाऱ्या आणि समुद्राजवळ राहणाऱ्या कुणावर ही वेळ आली तर निदान कुठून सुरुवात करू नये हे कळावं, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतोय.

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीचं नाव १९७४ साली पद्मिनी झालं, पण आमच्या घरात ती आजही फियाटच आहे. बाबांनी नंबर लावून काही वर्षं वाट पाहिली आणि त्या सप्टेंबरात ती डोंबिवलीला दारात आली. निवृत्तीनंतर ते मालगुंडला येऊन राहिले, तेव्हा गाडीही आली. शेवटची काही वर्षं ती मांगरात ताडपत्रीखाली उभी होती, पण दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचं नूतनीकरण बाबा न चुकता करत. २०१९ चं त्यांनीच केलं. ते त्यांच्या हातचं शेवटचं.

नोव्हेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात मी तिचं सगळं काम करून घेतलं. पत्रा, रंग, इंजिन, ब्रेक, वायरिंग. खर्चाचा आकडा लिहीत नाही, हे घरात वाचलं जातं. रंग मात्र मूळचाच ठेवला. रंग बदलला तर नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करून घ्यावी लागते, ते एक काम वाचलं.

आता कागदांचं. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, त्यानंतर दर वेळी पाच-पाच वर्षं वाढवून घ्यायची. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. आमची मुदत ११ सप्टेंबरला संपत होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वाहन पोर्टलवर नमुना २५ भरला. तेव्हा नूतनीकरणाचे ५००० रुपये पडले, पर्यावरण कराचे ३०००, कार्डाचे आणि टपालाचे वेगळे. विमा आणि पीयूसी दोन्ही तपासणीच्या दिवशी चालू असावे लागतात. अर्जाच्या दिवशी चालू होते, मधल्या काळात संपले, असं व्हायला वेळ लागत नाही. चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिलीने घासून ठसा घेतला. एवढं सगळं करून तारीख मिळाली २० ऑगस्ट. आणि ७ सप्टेंबरला गणपती. कोकणात गणपतीआधीचे आठ दिवस आणि नंतरचे सात दिवस कुठल्याही कारागिराकडून कामाची अपेक्षा ठेवू नये, हे ज्याला माहीत नाही तो कोकणातला नाही.

असो. टक्.

गाडी चालू होत नाही असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळे आजार आहेत. सेल्फ फिरतोय, इंजिन घुमतंय, पण पकडत नाही, तर पेट्रोल आणि ठिणगी बघायची. सेल्फच फिरत नाही, तर कार्बोरेटरला आणि प्लगला हात लावायचं कारणच नाही, बिघाड विजेच्या वाटेवर कुठेतरी आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीही रविवारी दुपारी मी चारही प्लग काढून पुसून पुन्हा बसवले. घाबरलेल्या माणसाला हातात पाना लागतो.

संध्याकाळी शेजारचा पिकअपवाला आला. त्याच्याकडे जंपरच्या वायरी होत्या. लाल चिमटा दोन्हीकडे प्लसला लावला. काळा त्याच्या बॅटरीच्या मायनसला, आणि दुसरं टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या लोखंडाला. बॅटरीजवळ ठिणगी उडू नये म्हणून तसं करतात, तिच्यातून निघणारा वायू पेट घेऊ शकतो. चावी फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. खळ्यात जमलेल्या पाच जणांनी एकमताने निकाल दिला, बॅटरी गेली. मीही मान डोलावली. तो काळा चिमटा कुठे लावला होता हे आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं आणि एकालाही दिसलं नव्हतं.

सोमवारी नारळी पौर्णिमा. बॅटरी एप्रिलमध्येच घेतलेली, वॉरंटीतली. दहा-बारा किलोचं ते धूड स्कूटरच्या पायाशी ठेवून जाकादेवीमार्गे रत्नागिरी गाठली. वॉरंटीच्या कार्डावर दुकानाचा शिक्का आणि खरेदीची तारीख होती म्हणून बरं, नाहीतर तिथूनच परत यावं लागलं असतं. (एप्रिलमध्ये शिक्का मी आठवणीने मागून घेतला होता. दुकानदार आपणहून मारत नाहीत.) त्यांचा नियम असा की बॅटरी आधी सावकाश पूर्ण चार्ज करायची, मग तपासायची, मगच वॉरंटीचं बोलायचं. बुधवारी या म्हणाले. म्हणजे मंगळवारची तपासणी गेली. रात्री बसून पोर्टलवर तारीख बदलली. पुढची मिळाली ५ सप्टेंबर, गुरुवार. हरतालिकेच्या आदल्या दिवशीची.

बुधवारी, २१ तारखेला, दुकानदाराने बॅटरी परत हातात दिली. सहाही घरांत ॲसिडची घनता १.२६ च्या आसपास, लोड टेस्टरवर दहा सेकंद धरल्यावर १०.४ व्होल्ट. "बॅटरी एकदम चांगली आहे," म्हणाला. चार्जिंगचे शंभर रुपये. त्याने नवी बॅटरी गळ्यात मारली असती तरी मी आनंदाने घेतली असती, इतकं मला तेव्हा पटलेलं होतं.

२२ ला बॅटरी बसवली. गाडी सुरू झाली! बंद करून पुन्हा मारला, पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा टक्.

हा लपंडाव सगळ्यात वाईट. कायमचं बंद पडलेलं यंत्र निदान प्रामाणिक असतं. मधूनच चालणारं यंत्र आपल्याला खोट्या आशेवर ठेवतं, आणि नुकतंच जे काही केलं त्याचाच गुण आला असं वाटायला लावतं. बॅटरीचे टर्मिनल घासून लखलखीत केले, व्हॅसलीन लावलं. एकदा सुरू. मग टक्.

शुक्रवारी ३८० रुपयांचा मल्टिमीटर आणला. बॅटरीवर लावला तर १२.६ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी एवढंच दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि बाराच्या खाली गेली तर आधी चार्जिंग, मग बाकीचं. मग त्या मीटरला 'पीं' असा आवाज करणारी एक खूण असते, ती लावून सगळ्या जाड वायरी तपासल्या. दोन टोकं जोडलेली असली की पीं. बॅटरीपासून सेल्फपर्यंत, पीं. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत, पीं. बॉडीपासून इंजिनपर्यंत, पीं. म्हणजे वायरिंग ठीक. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं: वायरिंग ठीक. ते पान अजून आहे, बघितलं की हसू येतं.

बॅटरी ठीक, वायरी ठीक, म्हणजे सेल्फ. २४ तारखेला शनिवारी रत्नागिरीहून एक सेल्फ-डायनमोवाला आला. त्याने चावी फिरवायला लावली, कान दिला, म्हणाला, "काढायला लागेल." गाडीखाली चिखलात फळी टाकून दीड तास खपून त्याने सेल्फ उतरवला. त्याच्याबरोबरच दुकानात गेलो. टेबलावर शिकंज्यात धरून थेट बॅटरीच्या वायरी लावल्या तर सेल्फ भर्रकन फिरला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. "साहेब, फिरतोय तर चांगला. पण बुश ढिले झालेत, कार्बन अर्धे झालेत. आता काढलाच आहे तर करून टाकू?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याने खोटं काहीच सांगितलं नाही. टेबलावर चांगला चालणारा सेल्फ गाडीत का चालत नाही, हा प्रश्न मी तिथेच विचारायला हवा होता. मी म्हटलं, करून टाका.

बुश त्याच्याकडे नव्हते, कोल्हापूरहून यायचे होते. सोमवारी गोकुळाष्टमी, मंगळवारी दहीकाला. बुधवारी सेल्फ तयार झाला, कार्बन, बुश, साफसफाई, मजुरी मिळून १४५० रुपये. गुरुवारी २९ ला त्याने येऊन बसवला, येण्या-जाण्याचे ३०० वेगळे. चावी फिरवली आणि गाडी अशी सुरू झाली की मी त्याला हात जोडले. शुक्रवारी सुरू, शनिवारी सुरू. गणपतीपुळ्यापर्यंत चक्कर मारून आलो. बायकोला म्हटलं, सुटलो.

शनिवारी रात्री धो धो पाऊस. रविवार, १ सप्टेंबर, सकाळी चावी फिरवली. टक्.

त्या सकाळी मी किती खचलो होतो ते आज सांगायला लाज वाटते. मखराचं सामान ओटीवर पडलेलं, घराची रंगरंगोटी अर्धी राहिलेली, आणि मी खळ्यात छत्री घेऊन एका लोखंडी डब्याकडे बघत उभा. बाबा असते तर एव्हाना सुरू झाली असती, हा विचार सारखा मनात येत होता, आणि तो खराही असावा.

रविवार म्हणून रत्नागिरीहून बहीण आणि भाचा आले होते. भाचा तेव्हा दहावीत. त्याला सीटवर बसवलं, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढून. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, त्याचं पोराला भारी अप्रूप. मी बॉनेट उघडून उभा आणि तो चावी फिरवतोय. टक्. टकटक. टक्. पाच-सहा वेळा झालं असेल. "मामा, चोक का तापलाय?"

चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायची, मूठ डॅशबोर्डवर असते. तिथून पोलादी तार नळीतून जाऊन कार्बोरेटरला जोडलेली. मी बोट लावलं. इस्त्रीला लागावं तसा चटका. इंजिन थंडगार, एकदाही सुरू न झालेलं, आणि चोकची तार तापलेली! करपल्याचा बारीक वासही येत होता.

मला काही उमगलं नाही, पण हे विचित्र आहे एवढं कळलं. खालच्या वाडीत एक काका राहतात, तीस वर्षं एसटीच्या आगारात वायरमन होते. त्यांना फोन करून हे सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "संध्याकाळी येतो. तोवर चावी फिरवू नको, जाळशील."

चारच्या सुमाराला काका डोक्यावर इरलं घेऊन पाखाडी चढून आले. आधी चहा. मग माझी सगळी कहाणी ऐकून घेतली.

"बॅटरी?"
"तपासून आणली."
"सेल्फ?"
"नवा केल्यासारखा आहे."
"टेबलावर फिरला?"
"फिरला ना, पहिल्यापासूनच फिरत होता."
"मंग अरे, वीज जाताना बघितलीस. परत येताना कोन बघनार?"

पुढची वीस मिनिटं मी शाळेत बसल्यासारखा होतो. ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांच्यासाठी सावकाश सांगतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, वीसच्या पट्टीवर. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मोजायचं. सगळी मोजणी चावी 'स्टार्ट'ला धरलेली असतानाची, दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. आणि गाडी न्यूट्रलला आहे ना, हे दर वेळी बघायचं.

पहिलं मोजमाप बॅटरीच्या दोन टोकांवर. चावी फिरवायच्या आधी १२.६, फिरवल्यावर १२.२. काका म्हणाले, इथेच समजायला हवं होतं. बॅटरी मेलेली असती किंवा सेल्फ आतून जाम असता, तर आकडा धाडकन खाली आला असता. सेल्फ फिरवायला शंभर-दीडशे अँपियर सहज लागतात, तेवढे ओढले की चांगली बॅटरीसुद्धा दहा-साडेदहापर्यंत उतरते. इथे ती जेमतेम हलली. म्हणजे वीज जातच नाहीये, वाटेत कुणीतरी अडवलंय. मीटर नसेल तर हेडलाईट लावून चावी फिरवा, हेच दिसतं. दिवे मंदावले की बॅटरीवर भार पडतोय. दिवे तसेच झगझगीत राहिले की वाट तुटलेली.

दुसरं, जाण्याची वाट. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. चावी. ०.२ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, म्हणजे ही वाट साफ.

तिसरं, येण्याची वाट. एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. चावी. ८.६.

"काय दिसता?" काकांनी विचारलं. मी पुन्हा बघितलं. आठ पूर्णांक सहा. तिथे ०.२, फार तर ०.३ असायला हवा. बॅटरीचे साडेआठ व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते, सेल्फच्या वाट्याला उरत होते साडेतीन. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला वीज जोडून देणारा विजेवरचा खटका, बिचारा ओढून धरायला जायचा, सेल्फने भार घेतला की त्याचीच वीज पळायची, तो सोडून द्यायचा. तीच ती टकटक.

चौथं, बॅटरीच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीपर्यंत. ०.१. म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक. बिघाड बॉडी ते इंजिन या टप्प्यात.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं. त्या दोघांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, अर्थिंगची. आमच्या गाडीत ती खाली गिअरबॉक्सजवळ आहे. ती नीट काम करीनाशी झाली की वीज दुसरी वाट शोधते, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारी धातूची दुसरी वस्तू म्हणजे चोकची तार. सेल्फची वीज त्या बारीक तारेतून परत येत होती. तापणार नाही तर काय करणार! आणि पिकअपवाल्याने काळा चिमटा थेट इंजिनला लावला होता, म्हणजे त्याने नकळत ती पट्टीच टाळून दिली होती. सेल्फ टेबलावर का फिरला, याचंही उत्तर तेच. अशी गाडी धक्का मारून सुरू होते तेही त्यामुळेच. ठिणगीला दोन-चार अँपियर पुरतात, तेवढे कुठूनही परत येतात.

"पण माझ्या मीटरने पीं केलं होतं," मी म्हटलं.

"दोरा लोंबकळत असला तरी टोकाला टोक लागतंच की. त्याला बैल बांधून बघ."

घरी वहीत हिशेब केला. त्या सांध्यात ०.०५ ओहम एवढाच अडथळा धरला, तरी १५० अँपियर जायला लागल्यावर तिथे साडेसात व्होल्ट खाल्ले जातात. माझ्या ३८० रुपयांच्या मीटरला ०.०५ ओहम दिसतच नाही, तो खुशाल पीं करतो. भार असतानाच मोजायला हवं.

अंधार पडायच्या आत टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. पट्टीचं इंजिनकडचं टोक काळवंडलेलं, तांब्यावर हिरवी बुरशी धरल्यासारखी पूड. बॉडीकडचा बोल्ट सोडवला आणि खाली काय निघावं? तुळतुळीत रंग. प्रायमर, त्यावर रंग, त्यावर खालून मारलेला काळा थर. रंगवणाऱ्याला मीच बजावलं होतं की इथे खारी हवा आहे, खालून एक इंचही उघडं ठेवू नकोस. त्याने ठेवलं नाही. पट्टी त्या रंगावरच आवळलेली होती. मे महिन्यात बोल्टचे आटे लोखंडात नव्याने रुतले होते तेवढ्यावर काम भागलं. मग जूनपासून पाऊस, मिठाचा दमट वारा, आटे गंजले. सेल्फ काढताना-बसवताना तिथे धक्के बसले, तीन दिवस सांधा पुन्हा लागला, आणि सुटला.

एक तपासणी दोन मिनिटांत आणि फुकट करता येते, ती पहिल्या रविवारीच करायला हवी होती. जंपरची एकच वायर घ्यायची, दुसरी गाडी लागत नाही. एक टोक आपल्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि चावी मारायची. सेल्फ फिरला तर दुखणं अर्थिंगचं. आम्ही त्या संध्याकाळी तसं करून बघितलं. पहिल्या झटक्यात सुरू.

सोमवारी २ तारखेला रत्नागिरीत विणलेली पट्टी चार दुकानांत विचारली, मिळाली नाही. पाचव्याने वेल्डिंगची जाड केबल दोन फूट कापून दिली, २५ चौरस मिलिमीटरची, दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून. २४० रुपये. दातेरी वॉशर दहाला चार. पॉलिश पेपर घरात होता. संध्याकाळी बॅटरीचं मायनस आधी काढून ठेवलं, मग बॉडीवरची रुपयाएवढी जागा घासली, पांढरं लोखंड दिसेपर्यंत. स्वतःच पैसे देऊन मारून घेतलेला रंग स्वतःच्या हाताने खरवडताना कसं वाटतं ते विचारू नका. इंजिनकडची जागाही तशीच घासली, दातेरी वॉशर मध्ये घालून दोन्ही बोल्ट आवळले, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा जाड लेप. आधी लेप लावून मग आवळायचं नाही, धातूला धातू लागायला हवा.

चावी. सुरू. मोजमाप पुन्हा घेतलं, इंजिन आणि मायनसमध्ये ०.१५, बॅटरी १०.६. चोक गार. दहा वेळा बंद-चालू केली. अकराव्यांदा बायको बाहेर येऊन म्हणाली, "आता पुरे."

काकांनी पैसे घेतले नाहीत. वेलावरची दोन तवशी दिली, ती घेतली.

५ तारखेला आरे-वारेच्या रस्त्याने गेलो. नऊला निघालो, दहाला पोहोचलो. सोबत अर्जाची छापील प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या, मूळ नोंदणी पुस्तक, विमा, पीयूसी, आधार आणि चॅसीचा ठसा. ठशाच्या दोन प्रती न्या, मला एक जास्तीची मागितली. रांगेत माझ्यापुढे नऊ गाड्या होत्या. निरीक्षकांनी दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हँडब्रेक बघितला, चॅसी आणि इंजिन नंबर पडताळला. मग म्हणाले, "बंद करा. आता चालू करा." त्या दोन सेकंदांत माझ्या पोटात गोळा आला. सुरू झाली. त्यांनी कागदावर सही केली आणि पुढच्या गाडीकडे वळले. एकूण बारा मिनिटं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण ७ तारखेला सकाळी चावी दोनदा फिरवावी लागली. पहिल्यांदा काहीच नाही, टक्सुद्धा नाही. पोटात धस्स झालं. पण आवाज वेगळा म्हणजे दुखणं वेगळं, एवढं आता शिकलो होतो. गणपती आणायला गाडी काढायचा बेत मनातल्या मनात केला होता, तो सोडला. गणपती दरवर्षीसारखा मूर्तिशाळेतून डोक्यावरून घरी आला, आणि तेच बरं दिसलं.

गौरी-विसर्जन १२ ला झालं. १४ तारखेला सोलेनॉइडला जाणाऱ्या बारीक वायरीवर मीटर लावला. चावी धरल्यावर ९.१ व्होल्ट. चाळीस वर्षांच्या इग्निशन स्विचमधले संपर्क झिजलेले, सोलेनॉइड ओढायला लागणारी वीज त्यांना झेपत नव्हती. स्विच बदलायचा नव्हता, त्याची चावी बाबांच्या जुडग्यातली आहे. म्हणून मध्ये ३० अँपियरचा रिले टाकला, बॅटरीतून फ्यूजसकट वेगळी वायर आणली. चावीने फक्त रिले उचलायचा, सोलेनॉइडला वीज रिलेने द्यायची. रिले, त्याचा सॉकेट, फ्यूज, वायर मिळून २६५ रुपये, दीड तास. आता तिथे ११.८ दिसतात.

खर्चाचा हिशेब असा: बॅटरी चार्जिंग १००, मीटर ३८०, सेल्फचे १४५०, मजुराचं येणं-जाणं ३००, केबल २४०, वॉशर १०, रिलेचे २६५. एकूण २७४५. त्यातले नेमक्या दुखण्यावर गेले ५१५. सेल्फचे कार्बन खरंच झिजले होते, त्यामुळे ते वाया गेले असं मी बायकोला सांगत नाही.

२७ सप्टेंबरला स्पीड पोस्टाने नवं कार्ड आलं. सप्टेंबर २०२९ पर्यंतचं.

दिवाळीच्या आधी मागच्या दारावरचा एक ओरखडा भरायला रंगाचा कारागीर आला होता. काम झाल्यावर त्याने सवयीने खाली वाकून बघितलं. "दादा, इथे बोल्टापाशी रंग उडालाय बघा. उरलाय थोडा, मारून देऊ?"

"नको," म्हटलं. "तिथे नको."